महजर आणि हजेरी

एखाद्या भाषेचे अध्ययन हे कोणाचे कर्तव्य असू शकते काय, असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. भाषा आवडीने शिकली जाते, पोटासाठी शिकली जाते, श्रद्धेपोटी शिकली जाते; कर्तव्य म्हणून ती शिकावी असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला त्यात सक्तीचा वास येतो. विद्यापीठांतील फार्सी-अरबीच्या अध्ययनाविषयी महाराष्ट्रात जी थोडीफार चर्चा होते ती याच तीन प्रयोजनांभोवती फिरते. नोकरी मिळत नाही, विद्यार्थी येत नाहीत आणि ज्यांच्या धर्माची ती भाषा त्यांनी ती शिकावी, अशी तीन वाक्ये झाली की चर्चा संपते. यांतील तिसरे वाक्य तर वस्तुतः चुकीचे आहे. फार्सी ही कोणत्याही धर्माची भाषा नव्हे. दख्खनमध्ये ती कचेरीची, दरबाराची आणि काव्याची भाषा होती. ती लिहिणाऱ्यांत बुऱ्हाणपूरच्या कायस्थ कुटुंबात जन्मलेला भीमसेन सक्सेना होता तसाच अहमदनगरला वाढून विजापूरला गेलेला फिरिश्ताही होता. परंतु वस्तुस्थितीची ही दुरुस्ती करून मूळ प्रश्न सुटत नाही. ज्या समाजाने एखादी भाषा काही शतके कागदावर वागवली आणि नंतर ती विसरला, त्या समाजाकडे त्या भाषेचे काही देणे उरते काय?

हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून एका गावापाशी थांबणे उपयोगाचे ठरेल. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे गाव. उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकू तयार करण्याचा व्यवसाय यांसाठी ते ओळखले जाते. केमचे कुंकू म्हटले की पंढरपूर आणि तुळजापूर येथील देवद्वारीची दुकाने डोळ्यांपुढे येतात. त्या दुकानांत कुंकवाच्या शेजारी अबीर आणि गुलाल यांचे ढीग असतात. कुंकू हा शब्द संस्कृतातून आला. गुलाल फार्सीतून आला. आणि अबीर हा अरबी शब्द आहे, ज्याचा मूळ अर्थ केशर वगैरे द्रव्यांचे सुगंधी मिश्रण असा आहे. वारकऱ्याच्या कपाळी हा अरबी शब्द शतकानुशतके लागत आला आहे आणि त्याने तेथे कधी परकेपणाने अंग चोरले नाही. केमच्या शिवारात जमीन जिराईत की बागाईत हे विचारले जाते, खरीप आणि रब्बी यांचा हिशेब होतो, आणि ज्वारीच्या पेरणीआधी मशागत केली जाते. अरबीत खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. मशागत हा मूळचा मशक्कत, म्हणजे कष्ट. नांगर, पाभर, कुळव हे शब्द मराठीचे आणि कागदावरचे शब्द तेवढे परके, अशी सोयीस्कर वाटणी करू पाहणाऱ्याला हा मशागत शब्द अडवतो. तो कचेरीत राहिलेला नाही; तो ढेकळांतच उतरला आहे.

शब्दांच्या अशा याद्या मनोरंजक असतात, पण त्यांतून कोणतेही कर्तव्य निष्पन्न होत नाही, हे मान्य केले पाहिजे. मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले शब्दही पुष्कळ आहेत; म्हणून कोणी पोर्तुगीज भाषेचे ऋण मानत नाही. जो शब्द घेतला तो घेणाऱ्याचा झाला. उसनवारीचा हा व्यवहार निर्दोष असतो, कारण त्यात देणाऱ्याचे काही कमी होत नाही. तेव्हा ऋणाचा युक्तिवाद शब्दांच्या उगमावर उभा करणे म्हणजे वाळूवर भिंत घालणे होय. फार्सीचे समर्थक हीच चूक वारंवार करतात. आपल्या बोलण्यात किती फार्सी आहे हे मोजून दाखवले की फार्सी शिकण्याची गरज सिद्ध झाली असे त्यांना वाटते. गरज सिद्ध होते ती दुसऱ्याच ठिकाणी.

करमाळा, परांडा, सोलापूर हा पट्टा निजामशाही आणि आदिलशाही यांच्या कुरघोडीचा प्रदेश. सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या विवाहात आंदण म्हणून दिला गेला आणि पुढे त्याच किल्ल्यापायी लढाया झाल्या. या प्रदेशातील वतनाचे तंटे ज्या कागदांनी तुटले त्यांना महजर म्हणतात. पाटीलकी कोणाची, कुळकर्ण कोणाचे, शिवेचा दगड कोठे, असा वाद उभा राहिला की गोतसभा भरे; देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, पाटील, बलुतेदार एकत्र येत; आदिलशाही अमलात काझी बसे आणि त्याचा फार्सी शिक्का कागदावर उमटे. खाली मोडीत मजकूर असे, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आणि शेट्याच्या नावापुढे तराजूची. ज्याला लिहिता येत नव्हते त्याचीही साक्ष या कागदावर होती. महजर हा शब्द अरबी आहे, आणि ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून हजर, हजेरी, हुजूर हे शब्द आले. महजर म्हणजे उपस्थितीचे स्थळ; जेथे संबंधितांनी हजर राहावयाचे आणि ज्यांच्या हजेरीत निवाडा व्हावयाचा ते ठिकाण; त्यावरून असा निवाडा ज्यावर लिहिला तो कागद. या शब्दाच्या अर्थातच न्यायाची एक कल्पना दडलेली आहे. गैरहजर माणसाविषयी निवाडा देता येत नाही; साक्षीदाराला समोर आणल्याशिवाय त्याचे म्हणणे खरे वा खोटे ठरवता येत नाही.

ही कल्पना भूतकाळाला लावली की काय होते ते पाहावे. महाराष्ट्रात बहामनी, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या चार शतकांविषयी नैतिक निवाडे सतत दिले जातात. ते निवाडे सभेत दिले जातात, पाठ्यपुस्तकांत दिले जातात, चित्रपटांत दिले जातात, निवडणुकीत तर हमखास दिले जातात. निवाडा देण्यास हरकत असण्याचे कारण नाही. भूतकाळाचे नैतिक मूल्यमापन करूच नये असे म्हणणारा इतिहासवाद हा नैतिक भित्रेपणाचाच एक प्रकार आहे. जुलूम हा जुलूमच असतो, तो सोळाव्या शतकात झाला म्हणून त्याचे नाव बदलत नाही. परंतु निवाडा देणाऱ्याने ज्या काळावर तो द्यावयाचा त्या काळाचे साक्षीदार तपासले पाहिजेत, आणि हे साक्षीदार मोठ्या संख्येने फार्सी बोलतात. औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ या काळात भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. हे गाव मंगळवेढ्याजवळ, आजच्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. मोगल छावणीतून रोजची बातमीपत्रे लिहिली जात, फर्माने निघत, अर्ज येत. या कागदांपैकी पुष्कळसे आज राजस्थानात आणि लंडनमध्ये आहेत. ज्या शेतकऱ्यांची उभी पिके त्या छावणीच्या घोड्यांनी खाल्ली त्यांच्या वंशजांना तो कागद समोर ठेवला तरी वाचता येणार नाही. अत्याचाराचा पुरावाही त्याच भाषेत आहे आणि अपवादाचाही. तवारीख लिहिणारा आपल्या धन्याची धर्मनिष्ठा वाढवून सांगतो, कारण तो दरबारी अलंकार आहे. कचेरीतला मुनशी त्याच धन्याच्या नावाने एखाद्या देवस्थानाचे इनाम पुढे चालवतो, कारण तो महसुलाचा व्यवहार आहे. एकाला वाचून दुसऱ्याला न वाचणारा माणूस, तो कोणत्याही पक्षाचा असो, एकाच साक्षीदारावर खटला निकालात काढत असतो. दोन्ही पक्षांत असे लोक विपुल आहेत.

येथे एक आक्षेप उपस्थित होईल, आणि तो दुर्लक्षणीय नाही. भाषांतरे आहेत की. ग. ह. खरे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळासाठी ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ खंडशः सिद्ध केले. सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल दरबारची बातमीपत्रे मराठीत आणली. मग प्रत्येकाने फार्सी शिकण्याचा आग्रह कशासाठी? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच कर्तव्य कोणाचे हे नेमके ठरवावे लागते. भारतीय परंपरेत अध्ययनाच्या कर्तव्याची सर्वांत जुनी मांडणी ऋणकल्पनेत आहे. तैत्तिरीय संहितेनुसार ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो आणि त्यांतील ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने फिटते. ही मांडणी उदात्त आहे, पण तिच्या दोन मर्यादा येथे स्पष्ट होतात. हे ऋण व्यक्तीचे आहे आणि ते जन्माने येते. आपले ऋषी कोण हे आधीच ठरलेले असते. विजापूरच्या दफ्तरखान्यातला मुनशी केमच्या माणसाचा ऋषी कसा होणार?

इस्लामी धर्मशास्त्रात कर्तव्याचे जे वर्गीकरण आहे त्यातील एक संकल्पना या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. काही कर्तव्ये प्रत्येकावर असतात, आणि काही समाजावर असतात. त्यांना फर्ज-ए-किफाया म्हणतात. समाजातील काहींनी ती पार पाडली की सर्वांची सुटका होते. कोणीच पार पाडली नाहीत तर सर्वच दोषी ठरतात. ११११ साली मृत्यू पावलेला गझाली आपल्या ‘इह्या’ या ग्रंथात वैद्यक आणि गणित यांना या वर्गात घालतो, आणि एक तक्रारही करतो: धर्मशास्त्राच्या पंडितांची गर्दी झाली आहे, कारण त्यात पद आणि पैसा आहे, गावात वैद्य मात्र मिळत नाही. नऊशे वर्षांनंतरच्या कोणत्याही विद्यापीठाच्या प्रवेशयाद्या पाहिल्या तर ही तक्रार शिळी वाटत नाही. या संकल्पनेचे सामर्थ्य असे की ती जन्माला विचारत नाही आणि सर्वांना सारखे वेठीसही धरत नाही. ती समाजाला एवढेच विचारते की, तुमच्यात हे जाणणारे पुरेसे लोक आहेत काय? अर्थात गझालीच्या मनातील समाज श्रद्धावंतांचा होता, आणि ती कक्षा नागरिकांच्या समाजापर्यंत वाढवणे ही त्याच्यावर केलेली थोडी जबरदस्तीच आहे. पण संकल्पना घेताना एवढी जबरदस्ती प्रत्येक संस्कृती करीतच आली आहे.

भाषांतराच्या आक्षेपाला मग उत्तर मिळते. सर्वसामान्य वाचकाला खरे आणि पगडी यांच्यावर भिस्त ठेवून चालेल. समाजाला चालणार नाही; कारण भाषांतर हा साक्षीदाराचा वकील असतो, आणि वकिलाची उलटतपासणी करील असा कोणीतरी दुसरा असावा लागतो. एकच भाषांतरकार उरला की त्याच्या चुका प्रमाण होतात. तो गेला की चुका पवित्र होतात.

दुसरा आक्षेप अधिक भावनिक आहे आणि त्यामागे खरी वेदना आहे. फार्सी ही जेत्यांची भाषा होती. तिचा त्याग हा स्वाभिमानाचा भाग होता. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच हेतूने. सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा पद्यकोश म्हणजे राजकीय स्वातंत्र्याची भाषिक बाजू होती, यात शंका नाही. राजवाडे यांनी १६२८ आणि १७२८ या सालांतील पत्रे शेजारी ठेवून मराठी पत्रलेखनातील फार्सी शब्दांचा वरचष्मा शंभर वर्षांत कसा ओसरला हे दाखवले, तेही प्रसिद्ध आहे. परंतु या कोशाकडे पाहताना एक साधी गोष्ट निसटते. ज्याला चौदाशे शब्दांचे नेमके अर्थ, त्यांच्या मागचे अधिकार आणि व्यवहार ठाऊक होते त्यालाच तो कोश करता आला. तो नकार जाणत्याचा नकार होता. अज्ञानाने जे सुटते त्याला त्याग म्हणत नाहीत. आणि एवढे होऊनही राज्याचा मुख्य प्रधान पेशवाच राहिला आणि हिशेब फडणिसाकडेच राहिले, हा भाषेने केलेला विनोद ऐतिहासिक पुरुषांनीही मनावर घेतला नसावा.

या संदर्भात माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन यांचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण त्यांच्यात हा सगळा ताण एकाच आयुष्यात एकवटला. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्सी शिकवीत होते. १९२५ साली त्यांचा ‘फार्शी-मराठी कोश’ निघाला. गज्जल हा प्रकार त्यांनी मराठीत केवळ आणला नाही, तर त्याची वृत्ते मराठीच्या उच्चारात कशी बसतात याचा शास्त्रीय विचार केला. त्या विचाराचा विस्तार त्यांच्या ‘छंदोरचने’त दिसतो. खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फार्सीवरून एकदा आणि फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून एकदा अशा वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आणल्या. वकिलाची आणि साक्षीदाराची जबानी शेजारी ठेवण्याचा याहून प्रामाणिक प्रयोग मराठीत क्वचितच झाला असेल. आणि हेच पटवर्धन पुढे भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ त्यांचाच. टीकाकारांनी याला विसंगती म्हटले आहे, कोणी मतपरिवर्तन म्हटले आहे. दोन्ही नावे अपुरी वाटतात. फार्सी शब्द मराठीतून काढावेत असे म्हणणारे पटवर्धन फार्सी शिकूच नये असे म्हणत नव्हते. एखाद्या भाषेशी नाते ठेवण्याचा एकच मार्ग म्हणजे तिचे शब्द वापरणे असे त्यांना वाटत नव्हते. त्यांच्या शुद्धीच्या आग्रहाशी असहमत होणे शक्य आहे. त्यातील पुष्कळसे घडवलेले प्रतिशब्द भाषेने स्वीकारले नाहीत, ते का स्वीकारले नाहीत याचाही विचार झाला पाहिजे, आणि मशागतीला दुसरा शब्द देऊ पाहणाऱ्याने आधी ती करून पाहावी असे म्हणावेसे वाटते. पण ज्याला नाकारायचे त्याला पुरते ओळखण्याची त्यांची शिस्त आजच्या दोन्ही बाजूंना दुर्मिळ झाली आहे. फार्सी शब्दांचा अभिमान मिरवणाऱ्यांना फार्सी येत नाही आणि त्यांचा राग करणाऱ्यांनाही येत नाही.

पटवर्धनांच्या उलट दिशेने गेलेले विद्वान म्हणजे यू. म. पठाण. त्यांचा जन्म १९३० सालचा, करमाळ्याचा. म्हणजे केम ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या गावचा. त्यांनी बखरींतील फार्सीच्या स्वरूपाचा अभ्यास केला, फार्सी-मराठी अनुबंधावर लिहिले, आणि त्याचबरोबर औरंगाबादच्या विद्यापीठात मराठीचे अध्यापन करताना महानुभावांच्या हस्तलिखितांच्या संशोधनात आयुष्य घातले. १९९० साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चक्रधरांच्या पंथाचे ग्रंथ पठाणांनी उलगडावेत आणि खय्यामची रुबाई पटवर्धनांनी, यात सलोख्याचे गोड चित्र पाहण्याची सवय आहे. ते चित्र खोटे नाही, पण त्यामुळे मुख्य मुद्दा झाकला जातो. त्या दोघांनीही वारसा जन्मातून मिळतो ही समजूत आपल्या कामाने मोडीत काढली. वारस हा शब्दही अरबीच; सातबाराच्या उताऱ्यावर तो रक्तावरून ठरतो, परंतु ग्रंथाच्या बाबतीत जो वाचतो तोच वारस ठरतो.

हे सारे पंडितांपुरते आहे असे वाटत असेल तर २०२३ साली जे घडले ते आठवावे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि जुन्या दफ्तरांचे गठ्ठे सुटू लागले. नोंदी मोडीत होत्या, उर्दूत होत्या; परांड्यासारख्या निजामी मुलखात तर १८८४ च्या सुमारास उर्दू येईपर्यंत कारभाराची भाषा फार्सीच होती. मुलाचा प्रवेश, मुलीची नोकरी, सगळे कुटुंब आपल्या पणजोबाच्या नावापुढे कारकुनाने काय लिहिले या एका शब्दावर येऊन थांबले, आणि तो शब्द वाचणारा माणूस शोधावा लागला. ज्यांच्या बाजूने तो शब्द निघाला आणि ज्यांच्या विरोधात गेला त्या दोघांनाही तो स्वतः तपासता आला नाही. आरक्षणाच्या प्रश्नाचे उत्तर कोणते असावे हा येथील विषय नाही. पण आपल्याच घराविषयीच्या कागदापुढे माणूस असा परावलंबी होणे, हे त्याच्या नागरिकत्वातले न्यून आहे, आणि ते त्याच्या एकट्याच्या आळसातून आलेले नाही.

मोडीचे वर्ग आता ठिकठिकाणी भरतात आणि त्यांना उत्साही माणसे येतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र मोडीची अक्षरे लागली म्हणजे कागद लागला असे होत नाही. मराठी पत्रांतील सुहूर सन अरबी संख्यावाचकांत लिहिला जातो. इसन्ने सबैन अलफ म्हणजे दोन, सत्तर आणि हजार. त्यात ५९९ वा ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १६७१-७२. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून त्याला मृगसाल म्हणत. अरबी अंक आणि पेरणीचे नक्षत्र यांची ही गाठ पेशवाई संपेपर्यंत टिकली. ती ज्याला सोडवता येत नाही त्याला पेशव्यांच्या पत्राची तारीखही सांगता येणार नाही, मग मजकूर दूरच.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात फार्सीचा उल्लेख अभिजात भाषांच्या यादीत आहे, आणि २०२४ साली मराठीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी एकाच विद्यापीठाच्या दारी येऊन उभ्या आहेत, आणि तेथे त्यांची गाठ घालून देण्याचे काम फार्सीच्या विभागाने एकट्याने करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. फार्सीचा विभाग हाफिज आणि सादी शिकवील. शिकवावेच, कारण कागद वाचण्यापुरती भाषा शिकवणे म्हणजे पुन्हा तिला कचेरीतली मोलकरीण करणे होय. परंतु महजर वाचणारा विद्यार्थी मराठी आणि इतिहास या विभागांतून यावयास हवा. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरीसाठी जुन्या मराठीचे व्याकरण शिकवले जाते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. एकनाथांनी देवापुढे अर्जदास्त लिहिली तेव्हा ती कोणत्या कचेरीच्या नमुन्यावर लिहिली, तिच्यातील मायन्याचे शब्द कोणत्या अधिकाराचे होते आणि ते देवाला लावताना नाथांनी त्या अधिकाराचे काय केले, हे समजण्यासाठी वर्षभराची फार्सी लागते. त्याच वर्गात करमाळा तालुक्यातील एखाद्या घरच्या पेटीतला कागद आणून ठेवता येईल, शिक्क्यासकट.